उरलेली ३८ मिनिटं: स्टॅनली कप नेमकं कोण जिंकून देतं?

मागच्या भागात आइस हॉकीचे नियम झाले आणि दुसऱ्याच दिवशी एका श्रोत्याचा एका ओळीचा मेसेज आला: "कॉनर मॅकडेविड जगात एक नंबर आहे म्हणतोस, मग त्याच्याकडे अजून एकही स्टॅनली कप कसा नाही?" मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते लांबत गेलं आणि त्याचा हा अख्खा भाग झाला. ज्यांना ऑडिओ लावता येत नाही, म्हणजे लोकलमध्ये उभे असणारे किंवा कॅमेरा बंद करून मीटिंगला बसलेले, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

आधी पटकन उजळणी. एनएचएल ही अमेरिका आणि कॅनडातली लीग, ३२ संघांची. नेहमीच्या मोसमात प्रत्येक संघ ८२ सामने खेळत आला आहे. त्यातून १६ संघ प्लेऑफमध्ये जातात. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत समोरचा संघ तोच, आणि जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे. म्हणजे कप हवा असेल तर एप्रिल ते जून या दोन महिन्यांत १६ विजय.

आता श्रोत्याच्या प्रश्नाला कॉमेंटेटर मंडळींकडे एक तयार उत्तर असतं: स्टार तुम्हाला प्लेऑफपर्यंत नेतात, कप मात्र 'डेप्थ' जिंकते. डेप्थ म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फळीतले खेळाडू, ज्यांच्या नावाच्या जर्सी दुकानात पहिल्यांदा संपत नाहीत. मला हे उत्तर आवडत नाही. ते पूर्ण चूक नाही, पण ते निकाल लागल्यावर कुठेही चिकटवता येतं. तिसऱ्या फळीतल्याने गोल केला की "बघा, डेप्थ!" आणि स्टारने केला की "मोठे खेळाडू मोठ्या सामन्यात खेळतात!" दोन्हीकडून बरोबर निघणारं उत्तर आपल्याला काहीच सांगत नाही. तेव्हा आपण घड्याळापासून सुरुवात करू.

आइस हॉकीचा सामना ६० मिनिटांचा. बर्फावर एका वेळी एका संघाचे पाच स्केटर आणि एक गोलकीपर. पण सामन्यासाठी १८ स्केटर तयार असतात: साधारणपणे १२ फॉरवर्ड, म्हणजे तिघा-तिघांच्या चार फळ्या, आणि सहा डिफेन्समन, म्हणजे तीन जोड्या. एक शिफ्ट जेमतेम ४५ सेकंदांची. जीव तोडून स्केटिंग करायचं आणि खेळ चालू असतानाच बाकावर परतायचं. तेवढ्यात पुढची फळी उडी मारून आत. हे सतत चालतं. त्यामुळे मॅकडेविडसारखा फॉरवर्ड साधारण २२ मिनिटं खेळतो, फार ताणलं तर २४-२५. चौथ्या फळीतल्यांच्या वाट्याला आठ-दहा मिनिटं.

म्हणजे जगातला सर्वोत्तम खेळाडू सामन्यातली ३८ मिनिटं बाकावर बसलेला असतो!

बास्केटबॉलमध्ये असं होत नाही. तिथला स्टार ४८ पैकी ४० मिनिटं खेळू शकतो. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर टी-ट्वेंटी बघा. विराट कोहली सलामीला आला आणि टिकला तर वीसच्या वीस ओव्हर खेळू शकतो. पण बुमराह कितीही भेदक असला तरी त्याच्या चारच ओव्हर. उरलेल्या सोळा कुणीतरी टाकायच्याच. हॉकीतला स्टार फॉरवर्ड हा फलंदाजापेक्षा गोलंदाजासारखा आहे. त्याचा कोटा ठरलेला, फक्त इथे तो नियमाने नाही तर फुप्फुसांनी ठरवलेला.

इंजिनीअरिंग केलेल्यांना इथे आमडालचा नियम आठवेल. प्रोग्रॅमचा एक तृतीयांश भाग तुम्ही कितीही वेगवान केलात, अगदी शून्य वेळात पळवलात, तरी पूर्ण प्रोग्रॅम दीडपटीपेक्षा जास्त वेगवान होत नाही, कारण उरलेला दोन तृतीयांश भाग आहे तसाच राहतो. जीन आमडाल यांनी हा मुद्दा १९६७ मध्ये मांडला. टोरांटो मेपल लीफ्सने शेवटचा स्टॅनली कप जिंकला तेही १९६७ मध्येच. योगायोग आहे, पण टोरांटोकडे आपण परत येणार आहोत म्हणून लक्षात ठेवा.

अर्थात ही उपमा फार ताणायची नाही. गोल काही वेळेच्या प्रमाणात वाटले जात नाहीत. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण सहा गोल होतात, आणि मॅकडेविड त्याच्या २२ मिनिटांत जेवढे घडवतो तेवढे तिसरी फळी तेवढ्याच मिनिटांत घडवू शकत नाही. शिवाय समोरच्याला पेनल्टी मिळून तो एका माणसाने कमी झाला, म्हणजेच पॉवर प्ले मिळाला, की बहुतेक वेळ स्टारच बर्फावर असतात. क्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली यांचं 'द नंबर्स गेम' नावाचं फुटबॉलवरचं पुस्तक आहे. त्यात त्यांनी म्हटलंय की फुटबॉल हा कच्च्या दुव्याचा खेळ: तुमचा सर्वात कमकुवत खेळाडू सुधारणं जास्त फायद्याचं. हाच प्रश्न हॉकीच्या आकडेवारीला विचारला गेला तेव्हा उत्तर उलट आलं. हॉकीत सर्वात भारी खेळाडू कुणाकडे आहे याला जास्त वजन. म्हणजे स्टार नकोत असं कुणी म्हणत असेल तर त्याला सरळ नाही म्हणायचं.

मग प्लेऑफमध्ये वेगळं काय होतं?

पहिली गोष्ट, समोर तोच संघ येत राहतो. नेहमीच्या मोसमात मॅकडेविडचा संघ आज एका शहरात, परवा दुसऱ्या. त्याच्यासाठी खास तयारी करायला कुणाला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये समोरचा कोच दोन आठवडे फक्त त्याचेच व्हिडिओ बघतो. त्यात यजमान संघाला एक सवलत असते: खेळ थांबल्यावर कोणती फळी पाठवायची हे तो नंतर ठरवतो. पाहुण्यांनी मॅकडेविडला पाठवलं की यजमान आपले सर्वोत्तम बचावपटू सोडतो. ही चाल फक्त एका फळीपुरती चालते, आणि सगळी गोम इथेच आहे. तुमच्याकडे धोकादायक फळी एकच असेल तर समोरच्याचं काम सोपं. दोन असतील तर त्याचे सर्वोत्तम बचावपटू एका वेळी दोन्हीकडे असू शकत नाहीत. तीन असतील तर तो कोच रात्री झोपत नाही.

दुसरी गोष्ट ओव्हरटाइम. नेहमीच्या मोसमात बरोबरी झाली की पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन खेळतात आणि तरीही निकाल नाही लागला तर शूटआउट. मोकळं मैदान, थोडी माणसं, स्टारची चांदी. प्लेऑफमध्ये मात्र पूर्ण पाच विरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांची सत्रं, गोल होईपर्यंत. ११ ऑगस्ट २०२० ला टॅम्पा बे लाइटनिंग आणि कोलंबस ब्लू जॅकेट्स यांच्यात पाच ओव्हरटाइम झाले. कोलंबसचा सेथ जोन्स त्या दिवशी ६५ मिनिटं बर्फावर होता, म्हणजे एका पूर्ण सामन्याहून जास्त. अशा रात्री चौथ्या फळीवर विश्वास नसलेला कोच स्वतःच्याच स्टारला दमवून टाकतो. (निर्णायक गोल ब्रेडन पॉइंटने केला. तो स्टारच. डेप्थवाल्यांचा सिद्धांत असा अधूनमधून ठेचकाळतो.)

गोलकीपर पूर्ण ६० मिनिटं खेळतो आणि एकटा फेरी जिंकून देऊ शकतो हे मला माहीत आहे. पण तो विषय इतका मोठा आहे की त्याला वेगळा भाग लागेल. आज फक्त फॉरवर्ड.

टॅम्पाचं नाव निघालंच आहे तर तीच गोष्ट नीट सांगतो, कारण या प्रश्नावर याहून चांगला प्रयोग कुणी केलेला नाही.

२०१८-१९. टॅम्पाने ८२ पैकी ६२ सामने जिंकले, तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी. निकिता कुचेरोवचे १२८ गुण, स्टीव्हन स्टॅमकोसचे ९८, पॉइंटचे ९२. हॉकीत गोलला एक गुण आणि गोलला मदत करणाऱ्या पासलाही एक गुण, त्यावरून हे आकडे किती राक्षसी आहेत ते बघा. प्लेऑफची पहिली फेरी, समोर कोलंबस. पहिल्या सामन्यात टॅम्पा ३-० ने पुढे. तिथून ते तो सामना ४-३ ने हरले, आणि मग उरलेले तिन्ही. चार सामन्यांत खेळ खल्लास. त्या तीन स्टार खेळाडूंचे मिळून गोल किती? दोन.

संघ मोडून नव्याने बांधा, अशी ओरड झाली. टॅम्पाने तसं केलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी दोन माणसं आणली: न्यू जर्सीहून ब्लेक कोलमन आणि सॅन होजेहून बार्कली गुड्रो. दोघांसाठीही ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड मोजली, म्हणजे उद्याचा संभाव्य स्टार देऊन आजचा कष्टकरी घेतला. लोकांनी भुवया उंचावल्या. या दोघांना यानी गुर्डबरोबर तिसऱ्या फळीत टाकलं.

या फळीचं काम ऐका. समोरच्याची सर्वात भारी फळी आली की हे तिघे तिच्या अंगावर. फेस-ऑफ आपल्याच गोलजवळ असेल तर हे तिघे. एक माणूस कमी असताना बचाव करायचा तर यांच्यातलेच. कोच जॉन कूपर अनेकदा सामन्याची पहिली शिफ्टच यांना देत असे. समोरच्यांना पहिल्या मिनिटालाच ढकलाढकलीची चव मिळायची आणि पॉइंट-कुचेरोवच्या वाट्याला त्यामानाने सोपी माणसं आणि सोपी जागा यायची. यांच्या घामाचा हिशेब पॉइंटच्या गोलमध्ये जमा होत होता. आकड्यांच्या तक्त्यात हे दिसत नाही.

२०२० मध्ये टॅम्पा जिंकली. कॅप्टन स्टॅमकोस दुखापतीमुळे त्या सगळ्या प्लेऑफमध्ये किती खेळला माहितीये? २ मिनिटं ४७ सेकंद. त्यातही एक गोल करून गेला, हा भाग वेगळा. २०२१ मध्ये पुन्हा जिंकली. उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यात आयलँडर्सविरुद्ध १-०. गोल गुर्डचा, आणि तोही संघ एका माणसाने कमी असताना. अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात माँट्रियलविरुद्ध पुन्हा १-०. गोल रॉस कोल्टन नावाच्या नवख्याचा.

मग डेप्थनेच कप जिंकला म्हणायचं? थांबा. त्या दोन्ही प्लेऑफमध्ये सर्वाधिक गुण कुचेरोवचे होते, ३४ आणि ३२. पॉइंटने दोन्ही वेळा १४ गोल केले. शेवटच्या १-० पर्यंत संघाला कुणी आणलं? माझं म्हणणं असं की स्टार आणि डेप्थ यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. २०१९ मध्ये एक आकडा प्रचंड होता आणि दुसरा जेमतेम. २०२० मध्ये पहिला तेवढाच राहिला आणि दुसरा वाढला.

आणि मग बिल आलं. एनएचएलमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा. २००४-०५ चा पूर्ण मोसम रद्द झाला त्या वादातून ती आली, २००५-०६ मध्ये, ३ कोटी ९० लाख डॉलरवर. कोलमन टॅम्पाला वर्षाला १८ लाख डॉलरमध्ये पडत होता आणि गुड्रो ९ लाख २५ हजारांत. दोन कपांनंतर त्या पैशात कोण राहील? २०२१ च्या उन्हाळ्यात गुड्रो न्यू यॉर्क रेंजर्सकडे, कोलमन कॅल्गरीकडे, तोही वर्षाला ४९ लाखांवर, आणि गुर्डला सिएटलच्या नव्या संघाने उचललं. तिघेही एकाच उन्हाळ्यात गेले. २०२२ मध्ये टॅम्पा पुन्हा अंतिम फेरीत पोचली, पण कोलोरॅडोकडून हरली.

या सगळ्यात माझा आवडता माणूस पॅट मरून. धिप्पाड, हळू, चौथ्या फळीतला. २०१९ ला सेंट लुईसकडून कप, तोही त्याचं गावच. २०२० आणि २०२१ ला टॅम्पाकडून. सलग तीन कप, दोन संघांतून. मॅकडेविड त्या काळात टीव्हीवर अंतिम सामने बघत होता.

आता टोरांटो. ऑस्टन मॅथ्यूज, मिच मार्नर, जॉन टवारेस आणि विल्यम नीलँडर. २०२१-२२ मध्ये कॅप होती ८ कोटी १५ लाख, आणि त्यातले ४ कोटी ५ लाख या चौघांचे. अर्धे पैसे चार जणांना, उरलेल्या अर्ध्यात अख्खा संघ. त्या मोसमात मॅथ्यूजने ६० गोल केले. पहिल्या फेरीत समोर टॅम्पा, सातवा सामना टोरांटोतच. टॅम्पा २-१ ने जिंकली. दोन्ही गोल निक पॉलचे. कोण निक पॉल? हाच प्रश्न त्या रात्री अर्ध्या कॅनडाने विचारला असेल. गेलेल्या तिसऱ्या फळीची जागा भरायला टॅम्पाने त्याला मोसमाच्या मध्यात ओटावाहून आणलं होतं.

पण टोरांटोचा दोष फक्त डेप्थवर ढकलणं मला पटत नाही. २०२४ मध्ये बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात त्यांचा एक गोल. २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध सातव्या सामन्यात १-६, घरच्या मैदानावर. ज्यांना अर्धे पैसे दिलेत त्यांनी त्या रात्री काहीतरी करायला हवं होतं. स्टारवर पैसे लावायचे तर स्टार गप्प राहिल्यावर हातात दुसरं काही उरत नाही, एवढंच.

आता एडमंटन ऑयलर्स आणि मूळ प्रश्न. एडमंटनकडे मॅकडेविड आहे आणि लिऑन ड्रायसायटल आहे, म्हणजे पहिल्या पाचांतले दोघं एकाच संघात. त्यामुळे तिथल्या प्रत्येक कोचसमोर एकच कोडं: दोघांना एका फळीत ठेवायचं की वेगळं? एकत्र ठेवले तर ती २२ मिनिटं समोरच्याची दाणादाण, पण उरलेल्या ३८ मिनिटांत बर्फावर कुणीच नाही. वेगळे केले तर ४० मिनिटं कुणीतरी भारी माणूस आहे, पण दोघांच्याही शेजारी साधे साथीदार. मागे पडले की कोच दोघांना एकत्र करतो. घाबरल्यावर आपणही चालू सर्व्हरवर सगळी रॅम ओततो, तसंच.

२०२४ मध्ये एडमंटन अंतिम फेरीत पोचली, फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध. पहिले तिन्ही सामने हरले, पुढचे तिन्ही जिंकले. चौथ्या आणि पाचव्या सामन्यात मॅकडेविडचे चार-चार गुण. त्या प्लेऑफमध्ये त्याचे एकूण ४२ गुण, त्यातले ३४ असिस्ट, जो विक्रम आहे. पण सहावा सामना बघा. एडमंटन ५-१ ने जिंकली आणि त्यात मॅकडेविडचा एकही गुण नाही! गोल इतरांचे. आणि सातवा सामना, आपल्याकडे २५ जूनची पहाट, साडेपाच. मी दात घासायच्या आधी स्कोअर उघडून बसलो होतो. फ्लोरिडा २-१. एडमंटनचा एकमेव गोल मॅटियास यानमार्कचा, जो अस्सल डेप्थ खेळाडू. मॅकडेविडला शून्य गुण. ड्रायसायटलने त्या सात सामन्यांत एकही गोल केला नव्हता. फ्लोरिडाचा विजयी गोल सॅम राइनहार्टचा, ज्याने त्या मोसमात ५७ गोल केले होते.

म्हणजे डेप्थने आपलं काम केलं आणि स्टारचा बॅटरी इंडिकेटर लाल झाला. मॅकडेविडला सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफी दिली गेली, हरलेल्या संघातला असूनही. ती घ्यायला तो बर्फावर आला नाही.

पण तो शेवटी गप्प का पडला, हा प्रश्न विचारायला हवा. दोन महिने, २५ सामने, प्रत्येक रात्री समोर सर्वोत्तम बचावपटू, त्यात अंतिम फेरीत अलेक्झांडर बार्कोव्ह, ज्याला त्याच वर्षी सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डचा पुरस्कार मिळाला होता. मे महिन्यात तिसऱ्या फळीने वाचवलेली मिनिटं जूनमध्ये पायात शिल्लक राहतात असं मला वाटतं. हे सिद्ध करणारा आकडा माझ्याकडे नाही, हा माझा अंदाज समजा.

२०२५ मध्ये पुन्हा तेच दोन संघ, अंतिम फेरी. या वेळी फ्लोरिडाने सहा सामन्यांत संपवलं. त्यांच्या तिसऱ्या फळीत अँटन लुंडेल, एतु लुओस्तारिनेन आणि ब्रॅड मार्शँड. मार्शँड म्हणजे बोस्टनचा कॅप्टन, ३७ वर्षांचा, मार्चमध्ये फ्लोरिडाकडे आलेला. त्याने अंतिम फेरीच्या सहा सामन्यांत सहा गोल केले. तिसऱ्या फळीतून! एडमंटनने आपले चांगले बचावपटू बार्कोव्हच्या मागे लावायचे की मार्शँडच्या? मघाशी म्हटलं ना, तीन फळ्या असल्या की कोच झोपत नाही. आणि हे फ्लोरिडाला परवडलं कारण कॅपच्या हिशेबात त्यांच्या एकाही खेळाडूचा पगार वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर नव्हता. फ्लोरिडा राज्यात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे कमी पगारावर सही करणं तिथे सोपं जातं, ही कुरकुर बाकीचे संघ करतात आणि त्यात तथ्य आहे.

आता ऑक्टोबर २०२५. मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोवने नुकतीच वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलरवर सही केली होती. नियमाप्रमाणे एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांपर्यंत मागता येतं. मॅकडेविड काय मागेल याची चर्चा चालू होती. त्याने दोनच वर्षांचा करार केला, वर्षाला १ कोटी २५ लाख, म्हणजे आधी होता तेवढाच पगार. आधीचा करार २०१८-१९ मध्ये सुरू झाला तेव्हा कॅप ७ कोटी ९५ लाख होती, म्हणजे त्याचा वाटा १५.७ टक्के. नवा करार २०२६-२७ पासून, आणि त्या मोसमाची कॅप १० कोटी ४० लाख धरली आहे. वाटा १२ टक्के. जुन्याच वाट्याने त्याला १ कोटी ६३ लाखांच्या आसपास मागता आले असते. फरक वर्षाला साधारण ३८ लाख डॉलर.

टॅम्पाच्या कोलमन आणि गुड्रोचा मिळून पगार २७ लाख २५ हजार होता. आजच्या भावात तसे दोघं त्या पैशात मिळणार नाहीत, पण एखादा नक्की मिळेल. त्याला शोधायला एडमंटनकडे दोन वर्षं आहेत.